महादेवाला वाहिलेली स्ट्रॉबेरी

“काय लावायलास रे दिगू?”

माय मागच्या पायरीवर उभी होती. मी न्हाणीशेजारच्या वाफ्यात गुडघे टेकून बसलो होतो. पुढ्यात ओलं गोणपाट आणि त्यात गुंडाळलेली, केसाळ मुळांची पाच-पन्नास रोपं. मान वर न करता मी म्हणालो, “फुलझाडं आहेत.”

“कसली?”

“पांढरी फुलं येतात म्हणे.”

“बरं झालं. या कॉलनीत देवाला फुलाची पाकळी मिळंना,” असं म्हणून ती आत गेली.

मी काही अगदीच खोटं बोललो नव्हतो. त्या रोपांना पांढरी फुलं येणारच होती. फुलांनंतर काय येणार होतं, तेवढंच मी सांगितलं नाही. ते सांगायचं तर ते कोणासाठी लावलं आणि का लावलं हेही सांगावं लागलं असतं, आणि त्यावर आमच्या घरात बोलायची बंदी होती.

ही अंबाजोगाईची गोष्ट. मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढायच्या कामावर होतो. खात्याच्या वसाहतीत आम्हाला दोन खोल्या आणि मागं थोडं अंगण मिळालं होतं. घरात आम्ही तिघं: मी, बायको मंदा आणि माय. मंदाला तिसरा महिना होता. हे तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघांपैकी कोणीही ते तोंडातून काढत नव्हतं. याआधी दोनदा तिची कूस रिकामी झाली होती. पहिल्यांदा लवकरच. दुसऱ्या वेळी मात्र चांगले चार महिने पार पडले, मायनं वसाहतभर पेढे वाटले, आणि पाचव्यात पुन्हा तेच. त्यानंतर माय एवढंच म्हणाली होती, “पुढच्या टायमाला कुणी तोंड उघडायचं नाही.” आणि तिनं स्वतःपासून सुरुवात केली होती. ती मंदाशी बोलायचीच बंद झाली.

डॉक्टरीणबाईंनी या खेपेला मंदाला खाटेवरून उठायचं नाही असं बजावलं होतं. तेव्हा शेजारच्या राजूरकरवहिनींनी भिंतीवरून विचारलं, “मंदाताई दिसत नाहीत हल्ली?” की माय सांगायची, “पाठ धरलीय तिची.” राजूरकरवहिनींना तीन लेकरं होती. कोणती पाठ तीन महिने धरून बसते हे त्यांना कळत नसेल असं मला कधी वाटलं नाही. पण त्याही “जपा हो पाठीला” म्हणून गप्प बसत.

माय स्वयंपाक करायची, ताट वाढायची आणि ते माझ्या हाती द्यायची. मंदाच्या खोलीचा उंबरा ती ओलांडत नव्हती. मी ऑफिसात असलो की ताट उंबऱ्यावर ठेवून कडी वाजवायची आणि निघून जायची. मंदाला मग उठून दोन पावलं यावं लागे.

“आत्याबाईंना मी नकोशी झालेय,” मंदा एकदा म्हणाली. आमच्याकडं सुना सासूला आत्याबाईच म्हणतात. “दोनदा झालं ना. त्यांना वाटत असेल, ही काही कामाची नाही.”

“काहीतरीच काय,” मी म्हणालो. पण मलाही तसंच वाटत होतं.

तर स्ट्रॉबेरी. माझ्या ऑफिसात पार्टे नावाचा अनुरेखक होता, नकाशे गिरवणारा, वाईकडचा. बदलीनं आमच्याकडं येऊन पडला होता आणि दर सुट्टीला गावाकडं पळत होता. एकदा त्यानं घरच्या स्ट्रॉबेरीच्या जामची बाटली आणली. मंदाला त्या दिवसांत अन्नाचा वासही सोसत नव्हता, पण ती बाटली तिनं बोटानं निपटून संपवली. मग धुऊन खिडकीत ठेवली. बाटलीच्या कागदावर त्या फळाचं चित्र होतं. ती पडल्या पडल्या त्या चित्राकडं बघत राहायची.

“हे खरं खरं असतं तेव्हा कसं लागत असेल हो?”

आता हे डोहाळेच. पोटुशी बाई काही मागते आणि ते तिला मिळत नाही, हे आमच्याकडं कोणालाच बघवत नाही. मी बाजार पालथा घातला. फळवाल्यांनी मला तो शब्द दोन-दोनदा उच्चारायला लावला. पार्टेला म्हटलं, पुढच्या खेपेला गावाकडून आण. तो म्हणाला, “साहेब, एक तर आत्ता सीझन नाही. आणि आणली तरी एसटीच्या दोन गाड्या बदलून हितं पोचेपर्यंत त्याचं सरबत होईल. त्यापेक्षा रोपं आणतो, लावा. तुमच्याकडं थंडी पडती की बऱ्यापैकी. धरली तर धरली.”

दसऱ्याला तो गेला आणि येताना ते गोणपाट घेऊन आला. माती भुसभुशीत करा, शेणखत घाला, रोपाचा मधला कोंब मातीत गाडू नका, नाहीतर कुजेल, एवढं सांगितलं आणि पुढच्या सुट्टीवर निघून गेला.

मी आयुष्यात तुळससुद्धा लावलेली नव्हती. धरणाच्या भिंतीचा नकाशा काढावा तसा मी तो वाफा आखला, दोरी धरून. रोपं लावल्यावर आठवडाभर ती जमिनीवर अशी पसरून पडली की मला वाटलं, संपलं. मग एका सकाळी एकाच्या मधोमध घडी घातलेलं कोवळं पान दिसलं. दुपारी ऑफिसातून आलो तर ते उलगडलेलं. तीन भागांचं, कडेला कातरलेलं, स्वच्छ हिरवं. मी उन्हात टोपीशिवाय त्याच्यासमोर बसून राहिलो. हे कोणी केलं, असं मला खरोखरच वाटलं. मी तर नुसतं पाणी घातलं होतं.

मंदाची खाट खिडकीशी होती आणि खिडकी त्या वाफ्यावरच उघडत होती. मी रोज संध्याकाळी तिला खबर द्यायचो. किती पानं, कोणतं रोप पुढं, कोणतं मागं. थंडी सुरू झाली तशा पानांच्या आडून कळ्या आल्या.

“उद्या फूल बघायला मिळणार तुला,” मी मंदाला म्हणालो.

दुसऱ्या दिवशी उठून बघतो तर कळी नाही. फूल नाही. नुसता आखूड देठ.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी फुगलेली कळी दिसायची आणि सकाळी तिथं काही नसायचं. मी खारीवर संशय घेतला, मग चिमण्यांवर, मग उंदरांवर. वाफ्याभोवती बाभळीच्या फांद्या रोवल्या. जुनी मच्छरदाणी पसरली. सकाळी मच्छरदाणी नीट घडी करून बाजूला ठेवलेली असायची. खार मच्छरदाणीची घडी घालत नाही एवढं तरी माझ्या डोक्यात यायला हवं होतं. पण मला वाटलं, मंदानं खिडकीतून सांगून भांडी घासायला येणाऱ्या बाईकडून काढून घेतली असेल.

“तू काही बघितलंस का गं?” मी मंदाला विचारलं.

“मी झोपलेली असते सकाळी,” ती म्हणाली आणि भिंतीकडं वळली.

तिला पाचवा महिना लागला होता. मागच्या वेळचा तोच महिना. मी त्या दिवसांत सारखा घाबरलेला असायचो. मनानं असं घेतलं होतं की ही रोपं फळाला आली तर सगळं ठीक होईल. नकाशे काढणारा माणूस मी, असल्या गोष्टींवर हसणारा. पण त्या वाफ्यातला प्रत्येक तुटका देठ मी बोटांवर मोजत होतो.

शेवटी एका पहाटे मी हातात काठी घेऊन न्हाणीच्या आडोशाला जाऊन बसलो. झुंजुमुंजू झालं होतं. मागचं दार उघडलं आणि माय आली. अंघोळ करून, ओल्या केसांनी, हातात पितळेची परडी. ती वाफ्यापाशी बसली. मच्छरदाणी काढून तिनं घडी घातली. मग एका रोपाला हात लावून तो कपाळाला लावला.

“बाबा महादेवा,” ती पुटपुटली, “माझ्याकडं बघू नको. तिच्याकडं बघ.”

आणि नखानं अलगद देठ खुडून तिनं ते पांढरं फूल परडीत ठेवलं. मग दुसरं. पानाला धक्का न लावता, एकही कळी न सोडता. मी देवघरात कधी डोकावत नव्हतो, म्हणून ती फुलं मला ताम्हणात दिसली नव्हती.

मी काय करायला हवं होतं ते आज समजतं. तिथंच बसून राहायला हवं होतं. पण इतक्या दिवसांचा राग आणि भीती एकदम वर आली आणि मी काठीसकट उभा राहिलो.

“माय, अगं काय करतेस हे? ती फुलं नाहीत, फळं आहेत.”

ती दचकली. “कसली फळं?”

“त्या बाटलीवरची. मंदाला डोहाळे लागलेत त्याचे. तिच्यासाठी लावलीत मी.”

मी डोहाळे हा शब्द उच्चारला तसा तिनं परडीचा हात माझ्या तोंडाकडं आणला, जणू शब्द परत आत ढकलायचा होता. मग तिला पुढचं कळलं. तिनं परडीत बघितलं, माझ्याकडं बघितलं. तिचा चेहरा असा उतरला की मी काठी खाली ठेवली.

“पोटुशीसाठी लावलेलं फळ,” ती म्हणाली, “मी रोज खुडायले? माझ्या हातानं?”

“तुला माहीत नव्हतं.”

“देवाला माहीत होतं की,” माय म्हणाली आणि तिथंच मातीत बसली.

त्याच संध्याकाळी मंदाच्या ओटीपोटात कळा आल्या. ऑफिसची जीप मागवून मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सुई दिली, ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “बाळाचे ठोके चांगले आहेत. घरी न्या, पण हलू देऊ नका.” मी व्हरांड्यातल्या खांबाला टेकून उभ्या उभ्या रडलो.

घरी आलो तर चूल पेटलेली नव्हती. माय वाफ्यापाशी बसली होती, आदल्या दिवशीच्याच लुगड्यात. आम्हाला बघून उठली, मंदाकडं एकदा बघितलं आणि नजर खाली केली. देवघरात महादेवाचं ताम्हण रिकामं होतं.

“ठीक आहे सगळं, माय,” मी हळूच म्हणालो. “ठोके चांगले आहेत.”

“आता मी फुलं वाहत नाही, दिगू,” ती म्हणाली. “हात जोडायचीबी भीती वाटायलीय.”

पुढचे दिवस वाईट गेले. माय दोन घास खाऊन उठायची. देवासमोर दिवा मी लावायचो. वाफ्याकडं ती फिरकत नव्हती. मंदा खाटेवर पडून छताकडं बघायची. त्या घरात आता पूर्वीपेक्षा जास्त शांतता होती आणि पूर्वीची शांतताच मला सोसत नव्हती.

अशात पार्टे सुट्टीवरून परतला आणि रोपं बघायला म्हणून घरी आला. मी त्याला मागच्या अंगणात नेलं आणि तोंड वाकडं करून म्हणालो, “फुकट गेलं रे सगळं. पहिली फुलं सगळी तोडली गेली.”

पार्टे खाली बसला. एक एक रोप त्यानं हातानं चाचपलं, पानं उलटून बघितली.

“कोणी खुडली ही?”

“का?”

“तुम्हाला सांगायचं राहिलंच की माझ्याकडून, साहेब. सगळ्या रस्त्यानं आठवत होतो आणि माझा जीव वर-खाली व्हायला लागला होता. पहिली फुलं ठेवायची नसतात. आमच्याकडं बाया लावून खुडून घेतात. कोवळं रोप असतं, मुळं धरलेली नसतात. त्यात फळ धरलं तर रोपाला झेपत नाही, खचतं ते. पहिला बहर काढला की सगळी ताकद मुळात जाते. मग जो बहर येतो ना, तो खरा.” त्यानं एक रोप हलवून बघितलं. ते हललं नाही. “बघा, कसं घट्ट बसलंय. पानं बघा, तळहाताएवढी. माझ्या गावात असला वाफा नाही. कोणी खुडली तेवढं सांगा, माझ्या आईला सांगतो. देठाला नख लावावं कसं ते शिकण्यासारखं आहे.”

स्वयंपाकघराच्या दारामागं भांडं पडल्याचा आवाज झाला. माय तिथं उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

पार्टे चहा पिऊन गेला. तो फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच आतल्या खोलीतून मंदाची हाक आली.

“आत्याबाई, जरा आत येता का?”

माय उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली.

“आत या ना.”

“नको. हितून बोल.”

“मी रोज बघत होते,” मंदा म्हणाली. “या खिडकीतून. तुम्ही फुलं तोडायच्या आधी रोपाला हात लावायचा आणि काय म्हणायचा तेसुद्धा ऐकू यायचं.”

मी मागं उभा होतो. “तुला ठाऊक होतं? मग मला सांगितलं का नाहीस? खारीच्या मागं काठी घेऊन फिरत होतो मी.”

“सांगितलं असतं तर त्या यायच्या थांबल्या असत्या,” मंदा म्हणाली. “फळ काय हो, कधीतरी मिळालं असतं. एवढ्या थंडीत उठून कोणी माझ्यासाठी काही मागतंय, हे मला पहिल्यांदाच कळत होतं. मला ते रोज ऐकायचं होतं.”

माय चौकटीला धरून उभी राहिली. मग पदर तोंडाला लावून ती असं काही बोलली की मला इतक्या महिन्यांचा उलगडा झाला.

“माझी जीभच वाईट हाय, मंदा. मागल्या टायमाला मीच गावभर पेढे वाटत सुटले. मीच दृष्ट लावली. म्हणून या टायमाला तुझ्याकडं बघतबी नव्हते. खोलीत आले की तोंडातून काहीतरी निघून जाईल, असं वाटायचं. देवालाबी सांगत होते, माझ्याकडं बघू नको म्हणून.”

“मला वाटलं, तुम्हाला माझा राग आलाय.”

“राग?” माय म्हणाली. तिला तो शब्दच कळेना. “तुझा कशाला राग, बाई?”

आणि तिनं उंबरा ओलांडला. खाटेच्या कडेला बसून मंदाचे पाय चेपायला लागली. मी बाहेर येऊन वाफ्याला पाणी घालत बसलो, गरज नव्हती तरी.

त्यानंतर आला तो बहर मी अजून विसरलेलो नाही. पानांच्या वर डोकं काढून पांढरी फुलं, इतकी की वाफा दुरून दुधाळ दिसायचा. कुठून तरी मधमाश्या आल्या. पाकळ्या गळल्या आणि मधला पिवळा गोंडाच हळूहळू फुगायला लागला. बोराएवढा, हिरवट, मग पांढरट. गणितात न बसणारी गोष्ट डोळ्यांदेखत होत होती. मी रोज सकाळी मुकाट्यानं बघत होतो आणि आत मंदाचं पोटही दिसण्याइतकं वर आलं होतं. पाचवा सरला. सहावा सरला. मी कोणापुढं हात जोडणारा नव्हतो, पण त्या दिवसांत जोडत होतो. कोणापुढं ते आजही सांगता येणार नाही.

मायनं वाफा ताब्यात घेतला. पार्टेनं सांगितलं म्हणून फळाखाली गव्हाचं काड पसरलं, तेही बाळंतिणीची खाट घालावी तसं चापचोपून. बुलबुल यायला लागले तशी ती माझीच काठी घेऊन दिवसभर पायरीवर बसायची. मात्र फुलाला तिनं पुन्हा हात लावला नाही. महादेवाला नुसतं पाणी घालायची.

मग एका सकाळी तिनं मला हाक मारली. एका पानाखाली ते होतं. बाटलीवरच्या चित्रापेक्षा लहान, एका बाजूला थोडं वाकडं, पण असं लाल की आजूबाजूचं सगळं फिकं वाटावं. मी तोडायला वाकलो तर तिनं माझा हात धरला.

“तिला घेऊन ये. डॉक्टरीणबाई म्हणल्यात ना, अंगणापुरतं चाललं तर चालतं.”

मंदा आली. एक हात कमरेवर, एक माझ्या खांद्यावर. इतक्या महिन्यांत तिनं पहिल्यांदा त्या मातीवर पाय ठेवला. वाफा बघून ती उभीच राहिली.

“खुड,” माय म्हणाली.

“तुम्ही खुडा.”

“माझा हात नको बाई त्याला.”

“तुमच्या हातानंच तर आलंय हे,” मंदा म्हणाली आणि मायचा हात धरून तिनं देठाशी नेला. मायचं नख देठाला लागलं. फळ तिच्या तळहातावर आलं.

माय ते उन्हात धरून फिरवून फिरवून बघत होती. तिनंही ते जवळून पहिल्यांदाच बघितलं होतं. लाल सालीवर ठिपक्या-ठिपक्यांनी बारीक पिवळे दाणे.

“हे काय?”

“बिया आहेत त्या,” मी म्हणालो.

“बाहेर?”

“हो, याच्या बाहेरच असतात.”

“अगं बाई,” माय हळूच म्हणाली. “आंबा बघ, सीताफळ बघ, सगळी फळं आपलं बी पोटात लपवून ठेवतेत. आन् हे बघ. सगळ्यांना दाखवत बसलंय. कुणाच्या नजरेची भीती न्हाई याला.”

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं ते मंदाच्या हातावर ठेवलं. मंदानं अर्धं खाल्लं, डोळे मिटले, आणि उरलेलं अर्धं तिनं मायच्या तोंडात घातलं. मायच्या ओठाच्या कडेनं लाल रस आला. तो तिनं पुसला नाही.

“मंदा,” ती म्हणाली, “कितवा गं तुला?”

मंदानं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे भरले होते.

“सातवा सरत आलाय, आत्याबाई.”

मायनं मान डोलावली, जणू ही बातमी तिला आत्ताच कळत होती. मग पदर खोचून ती भिंतीपाशी गेली, टाचा उंचावल्या आणि तिकडं तोंड करून वसाहतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “राजूरकरीणबाई, बाहेर या जरा. आमच्या मंदाला सातवा हाय.”

पलीकडून बांगड्या वाजल्या. राजूरकरवहिनी भिंतीवर आल्या, ओल्या पिठाचे हात तसेच घेऊन.

“मग पाठ बरी झाली म्हणायची,” त्या म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या.

वैशाखात आम्हाला मुलगी झाली. दवाखान्याच्या व्हरांड्यात मायनंच तिला पहिल्यांदा हातात घेतलं, सगळ्यांना दिसेल असं उन्हात धरलं, आणि कोणी विचारायच्या आत मोठ्यानं सांगायला लागली.